काळ्या स्क्रीनवरून झालेलं भांडण

मालनआक्का,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेराव्याला तुमच्या दारात मांडवभर माणसं होती आणि जो तो तुमचं चांगलं बोलत होता. मी मात्र खांबाला टेकून बसले होते आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण आपलं भांडण दीड वर्ष चाललं, मिटलं असं दोघींपैकी कुणीच एकदाही म्हटलं नाही, आणि ते तसंच टाकून तुम्ही चालत्या झालात. हे काही बरोबर केलं नाहीत. तुमचं माहेर, सासर, तुमची कामं हे सगळं सोसायटीच्या फळ्यावर खडूनं लिहिलंय. मी आपली भांडणाचंच लिहिते.

भांडण कशावरून, असं कुणी विचारलं तर सांगायची लाज वाटते. बांधावरून नाही, पाण्यावरून नाही, स्क्रीन सेव्हरवरून. कॉम्प्युटरला थोडा वेळ कुणी हात लावला नाही की पडद्यावर आपोआप तारे नाहीतर रंगीत रेघा फिरायला लागतात, तो स्क्रीन सेव्हर. तुम्ही तो लावायच्या आणि मी काढायची. सकाळी मी, दुपारी तुम्ही. शेजारणीनं सडा घालावा आणि आपण त्यावरून गाडी न्यावी, तसं आपलं चाललं होतं.

शेळगावच्या रस्त्याला लागून असलेली ती खोली. आधी तिथं खताची पोती असायची, त्यामुळं कितीही झाडलं तरी युरियाचा वास जायचा नाही. सोसायटीनं तिथं माती परीक्षणाचं केंद्र काढलं आणि आपल्या दोघींना बसवलं. शेतकऱ्यानं रानातली माती पिशवीत घालून आणायची. तुम्ही ती सावलीत वाळवायची, चाळायची, चिठ्ठी लावून बारामतीच्या प्रयोगशाळेत पाठवायची. तिथून आकड्यांचा कागद आला की मी तो कॉम्प्युटरवर भरायचा आणि मराठीत छापलेला अहवाल शेतकऱ्याच्या हातात द्यायचा. पहिल्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं होतं की कॉम्प्युटरच्या टेबलाजवळ मातीचा हात आणायचा नाही. तुम्ही माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलंत आणि म्हणालात की बरं मॅडम. ते मॅडम कसलं होतं ते मला महिन्यानं कळलं.

मी वालचंदनगरच्या कॉलनीत वाढलेली. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. वडील कारखान्याच्या स्टोअरमध्ये, त्यामुळं घरात सांडशी जागेवर नसली तरी चौकशी बसायची. मी तीच शिस्त एसटीत घालून रोज शेळगावला आणायची. धूळ नको म्हणून दार बंद. वाळत घातलेली माती उडेल म्हणून पंखा बंद. दिवसा ट्यूब कशाला, म्हणून तीही बंद. आणि काम नसलं की मॉनिटरचं बटण बंद. तुम्ही मागच्या पडवीत चाळण घेऊन बसलेल्या असायच्या, मी भिंतीकडच्या टेबलावर रजिस्टर लिहीत असायची, आणि रस्त्याकडच्या खिडकीतून दिसायचा तो फक्त काळा मॉनिटर. यात काही चुकतंय असं माझ्या मनातही आलं नाही.

तुम्हाला चाळणीत समाधान नव्हतं. चाळिसाव्या वर्षी तुम्ही बारामतीच्या क्लासला नाव घातलंत. शनिवारी संध्याकाळी कन्हेरीला माहेरी मुक्काम, रविवारी क्लास, सोमवारी सकाळी हजर. आणि दर सोमवारी तुमच्या दप्तरातून एक फ्लॉपी निघायची. आधी मशीनमध्येच असलेले तारे तुम्ही शोधून काढलेत. मी काढून टाकले. मग रंगीत रेघा आल्या. त्याही काढल्या. काढायला काय लागतं, डेस्कटॉपवर उजवं बटण दाबायचं, प्रॉपर्टीजमध्ये जायचं, स्क्रीन सेव्हरच्या यादीत सगळ्यात वरचं ‘नन’ निवडायचं. नन म्हणजे काहीच नको. मला तो शब्द फार आवडायचा.

मग तुम्ही मेंढ्या आणल्यात. हिरव्या माळावरून पांढऱ्याशुभ्र मेंढ्या एकीमागून एक जातायत, जातायत, संपतच नाहीत. तुमचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे, लहानपणी तुम्हीही त्यांच्या मागून चालला होतात. तुम्ही कौतुकानं लावलेल्या त्या मेंढ्यांना नावं ठेवायलाही तुम्हीच पहिल्या. यांच्याबरोबर ना कुत्रं ना माणूस, आणि ऊन एवढं पडलंय तर या सावलीसाठी माना खाली घालून एकमेकीत का घुसत नाहीत, असं विचारत होतात. मी म्हटलं की मग काढू का. तर नाही म्हणालात. नन केलं तर दुसऱ्या दिवशी मेंढ्या पुन्हा हजर. शेवटी मी विंडोजच्या फोल्डरमधून ती फाइलच शोधून पुसली. मंगळवारी पुन्हा मेंढ्या. फ्लॉपी तुमच्या दप्तरात होती आणि दप्तराला हात लावायची माझी छाती नव्हती.

तेव्हा एकदा मी तुम्हाला समोर बसवून नीट समजावलं. स्क्रीन सेव्हर हे खेळणं नाही, ते कशासाठी निघालं ते आधी ऐका. कारखान्याच्या ऑफिसात मी सहा महिने शिकाऊ होते, तिथं हिरव्या अक्षरांचा एक जुना मॉनिटर होता. त्यावर वर्षानुवर्षं दिवसभर एकच यादी उघडी असायची. मशीन बंद केलं तरी काचेवर ती यादी फिकट दिसायची. काचेला आतून लेप असतो, तो चमकतो म्हणून आपल्याला अक्षर दिसतं. एकाच जागी तेच अक्षर चमकत राहिलं की तिथला लेप झिजतो आणि डाग कायमचा बसतो. तसं होऊ नये म्हणून पडद्यावर काहीतरी हलतं ठेवायचं.

तुम्ही हनुवटीवर हात ठेवून ऐकत होतात. मला वाटलं डोक्यावरून गेलं. तर तुम्ही म्हणालात, “मंग आमी येगळं काय करत हुतो? मेंढरं एका रानात दोन दिसाच्या वर बसवत न्हाईत. जास्त बसली की लेंडीनं रान जळतं. आज हितं, उद्या तितं. रान बी वाचतं आन् खत बी समद्यांस्नी मिळतं.”

मी दोन वर्षं डिप्लोमा केला, पण एवढं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला शाबासकी द्यायची सोडून मी पुढचं घोडं दामटलं. म्हटलं, आता रंगीत मॉनिटर आलेत, त्यांना असा डाग सहसा पडत नाही. म्हणजे स्क्रीन सेव्हरची गरज उरली नाही, उरली ती हौस. आणि हौशीपायी मशीन दमतं, वीजही जाते. काम नसेल तेव्हा पडदा बंद करावा हे सगळ्यात उत्तम.

तुम्ही मान हलवलीत आणि एवढंच म्हणालात, “काळं दिसलं की मानूस आत येत न्हाय, वैशाली. स्क्रीन काळी ठिवू नगं.”

आणि मी काय केलं? मी तुम्हाला अंधश्रद्धेवर भाषण दिलं. काळा रंग अशुभ मानणं, मांजर आडवं जाणं, सगळं त्यात घेतलं. तुम्ही शांतपणे ऐकलंत, मग उठून चाळायला गेलात. आज ते भाषण आठवलं की अंगावर काटा येतो. तुम्ही एक वाक्य आणखी बोलला असतात तर काय बिघडलं असतं? पण तुमचाही स्वभाव तसलाच. एकदा सांगितलं, ऐकलं तर ऐकलं.

तुम्हाला ते केंद्र किती हवं होतं हे मला तोवर माहीत नव्हतं. ओढ्याकडचा तुमचा अर्धा एकर कॅनॉलच्या पाण्यानं खारट झाला होता. जास्त पाणी म्हणजे जास्त पीक, असं धरून सगळ्यांनी पाणी सोडलं आणि मातीवर पांढरी खपली धरली. केंद्र उघडल्यावर पहिली पिशवी तुमचीच आली. अहवाल मी छापला, त्यात क्षार फार होते. तुम्ही कागद दोनदा वाचलात आणि विचारलंत की हे चार वर्षांपूर्वी कळलं असतं तर? मी म्हटलं, चर काढला असता, पाणी कमी दिलं असतं, रान वाचलं असतं. तुम्ही कागदाची घडी घातलीत. “मला न्हाय कळलं. दुसऱ्यांस्नी तरी कळू दे,” म्हणालात. त्या दिवसापासून गावात कुणाच्याही रानात पांढरं दिसलं की तुम्ही त्याच्या घरी जाऊन माती आणा म्हणून मागं लागायच्या.

माणसं हो म्हणायची, पण केंद्रात यायची नाहीत. इंदापूरचे साहेब आले आणि रजिस्टर बघून म्हणाले की पेरणीच्या आधी पिशव्या वाढल्या नाहीत तर मशीन इंदापूरला हलवू, इथल्या खोलीत पुन्हा खत ठेवू. मला त्याचं फारसं काही नव्हतं, मला कुठंही नोकरी लागली असती. तुमचा चेहरा मात्र उतरला. इंदापूरला कुठला शेतकरी मातीची पिशवी घेऊन जाणार होता?

आणि नेमकं त्यानंतरच्या भेटीत, साहेब खुर्चीत बसलेले असताना, अकरा अहवालांची छपाई चालू होती आणि मेंढ्या निघाल्या. आपलं मशीन जुनं, त्याला एका वेळी दोन कामं झेपायची नाहीत. छपाई मध्येच अडली, मग कागदावर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन आणि काड्या यायला लागल्या. साहेब माझ्याकडं बघत होते. मी तुमच्याकडं बोट दाखवलं. नुसतं बोट दाखवून थांबले नाही, तर त्यांच्यासमोर रजिस्टरमध्ये लिहिलं की सहायकांनी परवानगीशिवाय फ्लॉपी घालून मशीन बिघडवलं. साहेबांनी तुम्हाला कॉम्प्युटरला हात लावायची मनाई केली. तुम्ही चाळण उचललीत आणि पडवीत गेलात. मी मेंढ्यांची फाइल पुसली, मॉनिटर बंद केला, आणि खरं सांगते आक्का, मला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

पुढचे तीन आठवडे स्क्रीन दिवसभर काळी होती. दिवसाला एखादी पिशवी यायची, कधी तीही नाही. मी म्हणायची उन्हाळा आहे, लग्नसराई आहे. माझ्याशी तुम्ही तेव्हा कामापुरतंच बोलत होता. डबा खाताना ठेच्याची वाटी मात्र पूर्वीसारखीच माझ्याकडं सरकवायच्या, त्याचा मला जास्त त्रास व्हायचा.

आता जे लिहिते ते तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही. प्रयोगशाळेचा लिफाफा बारामतीच्या एसटीतून यायचा, कंडक्टरकडून तो हातात घ्यावा लागायचा. एके दिवशी तुम्ही लग्नाला गेला होता म्हणून मी रस्त्यापलीकडं थांब्याच्या शेडमध्ये गाडीची वाट बघत बसले. आपली खोली मी समोरून कधी बघितलीच नव्हती. दार लावलेलं, काच बंद, आत काळा पडदा, माणसाची चाहूल नाही. तेवढ्यात काशिनाथआबा सायकल ढकलत आले. कॅरिअरला मातीची पिशवी बांधलेली. त्यांनी खिडकीला कपाळ लावलं, डोळ्यांवर हात धरून आत बघितलं, आणि सायकल वळवली.

मी पळत जाऊन त्यांना गाठलं. विचारलं की आबा, का परत चाललात. ते माझ्यावरच वैतागले. म्हणाले, “लाईट न्हाय नव्हं तुमची. चौथ्या बारीला आलोय मी. गिरनीवाला बी लाईट गेली की कडी लावून घरी जातो, तसं तुमी बी गेला आसाल म्हनलं.”

मी तिथंच रस्त्यात उभी राहिले. ज्या गावात वीज येते कमी आणि जाते जास्त, तिथं माणूस आधी दिवा बघतो, मग पायरी चढतो. पंखा मी बंद केलेला, ट्यूब मी बंद केलेली. आत वीज आहे, माणूस आहे, काम चालू आहे, हे बाहेरून सांगणारी एकच वस्तू होती आणि ती मी रोज काळी करून ठेवत होते. काळं दिसलं की माणूस आत येत नाही. तुम्ही शुभअशुभाचं बोललाच नव्हता. तुम्ही लाईटचं बोलत होता. जे आबांना, गिरणीवाल्याला, शाळेतल्या पोरांना कळत होतं ते मला शिकलेलीला कळलं नव्हतं, आणि माझ्या असल्या शहाणपणापायी किती पिशव्या त्या खिडकीवरून माघारी गेल्या असतील याचा हिशेब मला आजही करवत नाही.

आबांना आत नेलं, पिशवी घेतली, पाणी दिलं. ते गेल्यावर मशीनसमोर बसले. स्क्रीन सेव्हरच्या त्याच यादीत एक सरकत्या अक्षरांचा प्रकार होता, आपण लिहू ते वाक्य पडद्यावरून सरकत राहतं. मराठी फॉन्ट निवडला, अक्षर मोठ्यात मोठं केलं, पिवळा रंग दिला. लिहिलं, ‘लाईट आहे. आत या.’ छपाई चालू असताना मध्ये येऊ नये म्हणून वेळ नीट बांधून दिली. मग बाहेर जाऊन थांब्यावरून बघितलं. भर उन्हातसुद्धा पिवळं काहीतरी हलताना दिसत होतं. अक्षर वाचता आलं नाही तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. मी खाली मान घालून रजिस्टर लिहीत होते. तुम्ही खिडकीबाहेर बराच वेळ उभ्या राहिलात. आत येऊन विचारलंत, कुणी लावलं. मी म्हटलं, मशीनला गरज होती. हे माझं उत्तर. एवढंच. माझं चुकलं हे दोन शब्द जिभेवर आले होते, पण कॉलनीतल्या पोरीची जीभ तिथंच अडली.

तुम्ही पदरानं काचेवरची धूळ पुसलीत. “‘आहे’ न्हाय, ‘हाय’ लिव,” म्हणालात. “‘आहे’ लिवलं की बँकेत आल्यागत वाटतं. मानूस भितो.” मी शुद्धलेखनावरून वाद घातला. दोन दिवसांनी ‘हाय’ केलं. तुम्ही बघून न बघितल्यासारखं केलंत आणि त्या दिवशी ठेच्याबरोबर भाकरीही माझ्या डब्यात टाकलीत.

पिशव्या वाढल्या. एकदम नाही, पण रोज. पेरणीच्या आधी साहेब आले तेव्हा पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडं माती वाळत पडलेली. मशीन इथंच राहिलं. मी साहेबांना सांगितलं की आता एकटीला झेपत नाही, मालनआक्कांना टायपिंगला घ्या. मनाई उठली. ती का उठवायला हवी होती ते मात्र मी सांगितलं नाही, त्यांना नाही आणि तुम्हालाही नाही.

त्यानंतरचं वर्ष आक्का, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. तुम्ही दोन बोटांनी टाइप करायच्या, पण एक आकडा चुकायचा नाही. अहवाल मी छापायचे आणि वाचून तुम्ही दाखवायच्या. कागदावर ‘विम्ल’, म्हणजे अल्कधर्मी, असं लिहिलेलं असायचं, तुम्ही शेतकऱ्याला सांगायच्या की तुझ्या रानाला पाणी बाधलंय, माणसाला जेवण बाधतं तसं, आता जरा लंघन दे. तो मान डोलवायचा. मी सांगितलं असतं तर कागद खिशात घालून गेला असता. तुमच्या ओढ्याकडच्या तुकड्यात तुम्ही चर काढलात, पावसाळ्यात हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून गाडलात. हिवाळ्यात तिथं ज्वारी आली. सगळीकडं सारखी नव्हती, मध्ये मध्ये टकलं होतं, पण कणसं धरली. एक कणीस तुम्ही मला आणून दाखवलंत आणि कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवलंत. मातीचा हात, टेबल, मी काही बोलले नाही.

तुम्ही अशा अचानक जाल असं कुणाला वाटलं असतं. आदल्या दिवशी तुम्ही वस्तीवरून फिरून आला होता, पेरणीच्या आधी माती आणा, चार कोपऱ्यांतून आणि मधून घ्या, उकिरड्याजवळची घेऊ नका, असं सांगत. मला म्हणालात की थोडी धाप लागते. मी म्हटलं, उन्हाचं फिरू नका. हे आपलं शेवटचं बोलणं.

तेराव्याला तुमची सून संगीता माझ्याजवळ येऊन बसली. तिला वाटलं मी रडतेय. मी तिला रजिस्टरचं सांगितलं, कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. ती म्हणाली की आत्याबाईंनी ते पान तेव्हाच वाचलं होतं. घरी बोलल्याही होत्या की छपाई माझ्यामुळंच बिघडली, पोरीनं खोटं काही लिहिलेलं नाही. आणि खिडकीतली पिवळी अक्षरं दिसली त्या दिवशी घरी येऊन खूप हसल्या होत्या म्हणे. मला इतकं हलकं वाटलं आणि इतका रागही आला. हसायचं होतं तर माझ्यासमोर हसायचं होतं. मग मलाही बोलता आलं असतं.

परवा सोमवारी मी केंद्र उघडलं. तुमच्यानंतर पहिल्यांदा. आणि त्या दिवशी लाईट खरोखरच नव्हती. मॉनिटर काळा. मी म्हटलं, आज कुणी फिरकणार नाही, आणि गरम होत होतं म्हणून दार सताड उघडलं. दहाच्या सुमाराला काशिनाथआबा आले. चपला काढल्या, पिशवी ठेवली, भिंतीला टेकून बसले. मग आणखी एक, मग दोघं. दुपारपर्यंत सहा जण सहा पिशव्या घेऊन बसले होते.

मी म्हटलं, आज लाईट खरंच नाही हो.

आबा म्हणाले, “दिसतंय की आमास्नी. आक्कानं सांगितलं हुतं, पेरनीच्या आदी आना म्हनून. आनली.”

तेव्हा मी बोलले, आक्का. सहा जणांसमोर, उभं राहून. म्हटलं, मागच्या उन्हाळ्यात तुम्ही सगळे या खिडकीवरून माघारी गेलात ते माझ्यामुळं, आक्कांनी मला आधीच सांगितलं होतं, त्यांचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं. रजिस्टरमध्ये त्यांच्यावर ठपका ठेवला तोही मीच, आणि त्या पानाखाली आता हे सगळं लिहून साहेबांची सही घेणार आहे. मग आबांनी आपली पिशवी माझ्याकडं सरकवली.

“त्येंला म्हाईत हुतं. तू पिशव्या लिवून घे.”

पिशव्या लिहिणं तुमचं काम, मी ते कधी केलं नव्हतं. नाव, गट नंबर, कुठलं पीक घेतलं, विहिरीचं पाणी की कॅनॉलचं. प्रत्येक जण माहिती सांगताना आपल्या रानाची सगळी हकिगत सांगतो हे मला कळलं, आणि तुम्हाला एका पिशवीला एवढा वेळ का लागायचा तेही कळलं. मी कुणालाच मध्ये तोडलं नाही. लाईट कधी आली ते आम्हाला समजलंच नाही.

सगळ्यात शेवटी संगीता आली. कडेवर लेक, हातात पिशवी. ओढ्याकडच्या रानातली माती होती, आणि चार कोपऱ्यांतून व मधून घेतली होती. मी न विचारता चिठ्ठीवर ‘मालन’ लिहिलं. हातच तसा वळला.

संगीतानं वाकून वाचलं. मग चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाली, “त्येच्या खाली माजं नाव लिवा ताई. आता ते रान मी बगनार हाय. आन् उद्यापास्नं चाळायला बी मीच येनार.”

मी तुमचं नाव खोडलं नाही. खाली तिचं लिहिलं, पिशवीला चिठ्ठी बांधली आणि इतरांच्या ओळीत वाळायला ठेवली.